इंग्रजीचे मार्क प्रत्येक सराव पेपरात त्याच आकड्यावर अडकतात? चूक शोधायची पद्धत आणि उपाय

लक्षण असं असतं. स्पर्धा परीक्षेच्या सराव पेपरातला पंचवीस प्रश्नांचा इंग्रजीचा भाग सोडवला, चौदा-पंधरा बरोबर आले. मग महिनाभर व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं, टेन्सचे तक्ते पाठ केले, शब्दांच्या याद्या घोकल्या. पुढच्या पेपरात पुन्हा चौदा-पंधरा. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या कितीतरी मुलांची हीच तक्रार असते. गणित-बुद्धिमत्तेत वाढ दिसते, सामान्य ज्ञानात दिसते, इंग्रजी मात्र जागचं हलत नाही.

हे गुण सोडून देण्यासारखे नाहीत. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्न आणि 200 गुण होते, त्यांपैकी 25 प्रश्न म्हणजे 50 गुण इंग्रजीचे. केंद्र सरकारच्या पदवीधर पातळीवरच्या पदांसाठी होणाऱ्या एसएससी सीजीएलच्या टियर 1 मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यातही, इंग्रजीला 25 प्रश्न आणि 50 गुण आहेत. तिथे चुकलेल्या प्रत्येक उत्तराला 0.50 गुण कापले जातात आणि 100 प्रश्नांना 60 मिनिटंच मिळतात. इंग्रजीत सहा प्रश्न वाढले की बारा गुण वाढतात. सामान्य ज्ञानात तेवढे वाढवायला कितीतरी जास्त वाचावं लागतं.

पुस्तक बाजूला ठेवा, आधी चुका वाचा

शेवटचे चार सराव पेपर काढा. चुकलेले प्रश्न घ्या आणि अंदाजाने बरोबर आलेलेही घ्या, कारण तेही चुकलेलेच आहेत. प्रत्येकाच्या बाजूला पेन्सिलीने एक खूण करा. नियमच माहीत नव्हता तर 'न'. नियम माहीत होता पण वाक्यात चूक दिसलीच नाही तर 'दि'. दोन पर्यायांत अडकून चुकीचा निवडला तर 'दो'. प्रश्न नीट वाचला नाही, म्हणजे विरुद्धार्थी विचारला होता आणि समानार्थी दिला, तर 'घा'.

ही मोजणी तासाभरात होते आणि पुढच्या महिन्याचा अभ्यास तीच ठरवते. 'न' जास्त असतील तर पुस्तक वाचण्यात अर्थ आहे. 'घा' जास्त असतील तर वेळेचं गणित बिघडलंय. ज्यांचं व्याकरण एकदा वाचून झालंय त्यांच्या वहीत बहुतेक वेळा 'दि' सगळ्यात जास्त निघतात. त्यांना पुस्तक पुन्हा वाचून फायदा होत नाही, कारण नियम डोक्यात आहेच.

'दि' का होतं, ते समजून घ्या. चुकीचं इंग्रजी वाक्य आपण मनात मराठीत करून वाचतो. मराठीत ते वाक्य बिनचूक असतं, म्हणून कानाला खटकत नाही. प्रश्न काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे दोन्ही भाषा जिथे वेगळ्या वाटेने जातात त्या जागा माहीत असल्या पाहिजेत. अशा जागा फार नाहीत.

'काल' आणि 'आहे' एकत्र

मराठीत 'तो काल आला आहे' हे कुणालाही खटकत नाही. म्हणून 'ही हॅज कम यस्टरडे' हेही खटकत नाही, आणि ते चूक आहे. वेळ ठरलेली आणि संपलेली असेल तर इंग्रजीत 'हॅज' किंवा 'हॅव' चालत नाही, साधा भूतकाळ लागतो: 'ही केम यस्टरडे'. 'हैदराबाद स्टेट हॅज जॉइन्ड इंडिया इन 1948' चूक, 'हैदराबाद स्टेट जॉइन्ड इंडिया इन 1948' बरोबर.

वाक्यात 'यस्टरडे', 'अगो', 'लास्ट वीक', 'लास्ट इयर', 'इन' आणि मागचं साल, किंवा 'व्हेन' लावून विचारलेला भूतकाळाचा प्रश्न दिसला की लगेच क्रियापद तपासा. उलट 'ऑलरेडी', 'यट', 'सो फार', 'लेटली', 'सिन्स', 'जस्ट' हे शब्द बहुतेक वेळा 'हॅज/हॅव' मागतात. ही दोन टोळकी वहीच्या एकाच पानावर समोरासमोर लिहून ठेवा. टेन्सचे बारा तक्ते पाठ असण्यापेक्षा हे पान जास्त गुण देतं.

'पासून' या एका शब्दातल्या दोन चुका

'मी पाच वर्षांपासून लातूरला राहतो.' याचं इंग्रजी करताना हमखास 'आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स फाइव्ह इयर्स' असं येतं. यात दोन चुका आहेत. पहिली काळाची: मराठीत 'राहतो' हा वर्तमानकाळ चालतो, पण मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग' किंवा 'हॅव लिव्ह्ड' लागतं. दुसरी 'सिन्स'ची: मराठीत '2019 पासून' आणि 'पाच वर्षांपासून' दोन्हीकडे एकच 'पासून', इंग्रजीत मात्र सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर'.

तपासायची युक्ती साधी आहे. पुढचा शब्द कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येतो का ते पाहा. सोमवार, 2019, सकाळचे आठ, दिवाळी यांवर बोट ठेवता येतं, म्हणून 'सिन्स'. पाच वर्षं, तीन तास, बरेच दिवस यांवर ठेवता येत नाही, म्हणून 'फॉर'. स्पॉटिंग एररमध्ये, म्हणजे वाक्यातला चुकीचा भाग ओळखायच्या प्रश्नात, अनेकदा या दोन चुकांपैकी एकच ठेवलेली असते. तुम्ही 'सिन्स' बरोबर आहे हे पाहून पुढे जाता आणि 'ॲम लिव्हिंग' नजरेतून सुटतं. म्हणून 'सिन्स' दिसलं की दोन्ही तपासायचं.

आर्टिकल: देवनागरीचा फायदा घ्या

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ते गाळलेलं कळत नाही आणि जास्तीचं घुसवलेलंही कळत नाही. त्यातला 'ए' आणि 'ॲन'चा भाग मात्र मराठी मुलांना सगळ्यात सोपा जायला हवा. 'व्हॉवेलच्या आधी ॲन' हा शाळेत शिकवलेला नियम अक्षर पाहून लावला जातो, खरा नियम उच्चाराचा आहे, आणि आपली लिपीच उच्चारावर चालते. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'ए'.

'युनिव्हर्सिटी' य ने सुरू होते, म्हणून 'ए युनिव्हर्सिटी'. 'अंब्रेला' अ ने, म्हणून 'ॲन अंब्रेला'. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' यांच्या स्पेलिंगमध्ये एच आहे पण उच्चारात नाही, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट ऑफिसर'. 'वन-रुपी नोट' व ने, म्हणून 'ए वन-रुपी नोट'. 'एमएलए' ए ने, म्हणून 'ॲन एमएलए'. 'ॲन एफआयआर', 'ॲन एक्स-रे', पण 'ए यूपीएससी कँडिडेट'.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. आपल्याकडे बोलताना एसटीला 'यस्टी', एमपीएससीला 'यमपीएससी' म्हणायची सवय आहे. त्या उच्चाराने गेलात तर य आलं आणि 'ए' लावून बसाल. अक्षरांचा प्रमाण उच्चार 'एस' आणि 'एम' आहे, म्हणून 'ॲन एसटी बस', 'ॲन एमपीएससी ॲस्पिरंट'. दुसरं ठिकाण म्हणजे 'कान' आणि 'वर्ष' यांसाठीचे इंग्रजी शब्द. मराठीत दोन्ही सर्रास 'इयर' लिहिले जातात. वर्षाच्या शब्दात सुरुवातीला य चा स्पष्ट उच्चार आहे, म्हणून 'ए' लागतं. कानाच्या शब्दात तो नाही, म्हणून 'ॲन'.

'द'चे नियम पुस्तकात दोन पानं भरून असतात. परीक्षेत वारंवार येणारे थोडेच आहेत. नद्या आणि डोंगररांगा: 'द गोदावरी', 'द बालाघाट रेंज'. एकट्या शिखराला मात्र 'द' नाही. सुपरलेटिव्हच्या आधी 'द'. 'रिच', 'पुअर', 'ब्लाइंड' यांसारख्या विशेषणांनी सगळा वर्ग दाखवायचा असेल तर 'द' आणि क्रियापद अनेकवचनी: 'द पुअर आर'. वाहनाने जाताना 'बाय बस', आर्टिकल नाही. 'ॲट नाइट'मध्ये नाही, 'इन द मॉर्निंग'मध्ये आहे. 'स्कूल', 'हॉस्पिटल', 'प्रिझन' या ठिकाणी त्यांच्या मूळ कामासाठी गेलं तर आर्टिकल नाही. मुलगा शिकायला गेला तर 'वेंट टू स्कूल', त्याचे वडील दाखला आणायला गेले तर 'वेंट टू द स्कूल'. या शेवटच्या जोडीवर प्रश्न काढायला सोपा असतो, तो सोडू नका.

क्रियापदाचा मालक शोधा

एक नमुना सावकाश सोडवू. 'द लिस्ट ऑफ एलिजिबल कँडिडेट्स / फ्रॉम ऑल द एट डिस्ट्रिक्ट्स ऑफ मराठवाडा / हॅव बीन डिस्प्लेड ऑन द नोटीस बोर्ड / नो एरर.'

पहिल्या वाचनात हे वाक्य ठीक वाटतं. मराठीत 'मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या पात्र उमेदवारांची यादी लागली' असं म्हणताना 'यादी' आणि 'लागली' अगदी शेजारी असतात, त्यामुळे वचन चुकूच शकत नाही. इंग्रजीत क्रम उलटा आहे. यादी सगळ्यात आधी येते, मग 'ऑफ'ची शेपटी, आणि क्रियापदाजवळ पोहोचेपर्यंत डोळ्यांसमोर उमेदवार आणि जिल्हे असे अनेकवचनी शब्द येतात. म्हणून 'हॅव' पटतं. लागली ती यादी, उमेदवार नव्हे, आणि ती एक आहे. 'हॅज बीन डिस्प्लेड' हवं. चूक तिसऱ्या भागात.

उपाय हाताचा आहे. क्रियापदाखाली रेघ ओढा, 'कोण?' विचारा, आणि 'ऑफ', 'फ्रॉम', 'इन'पासून सुरू होणारा मधला मजकूर कंसात टाका. ऑनलाइन परीक्षेत कच्च्या कागदावर कर्त्याचा एकच शब्द लिहिला तरी पुरतं. 'ॲज वेल ॲज', 'अलाँग विथ', 'टुगेदर विथ' यांच्यामागचा मजकूरही कंसातच जातो. 'द सरपंच, अलाँग विथ हिज मेंबर्स, हॅज लेफ्ट' बरोबर.

'वन ऑफ द'नंतर नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. 'ए नंबर ऑफ' अनेकवचनी, 'द नंबर ऑफ' एकवचनी: 'द नंबर ऑफ फार्मर्स ग्रोइंग सोयाबीन हॅज इन्क्रीज्ड'. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर'मध्ये जवळच्या कर्त्याप्रमाणे क्रियापद. 'ईच' आणि 'एव्हरी' एकवचनी.

आदरार्थी बहुवचनाचाही फटका बसतो. 'आमचे सर आले आहेत', 'वडील शेतात गेलेत' ही सवय इतकी मुरलेली आहे की 'माय फादर हॅव गॉन' वाचताना कान तक्रार करत नाही. इंग्रजीत आदर क्रियापदाने दाखवत नाहीत. एक माणूस, एकवचन.

'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'मशिनरी', 'सीनरी' यांना शेवटी एस लागत नाही, आधी 'ए/ॲन'ही लागत नाही. 'न्यूज' दिसायला अनेकवचनी, क्रियापद एकवचनी. 'पोलीस' आणि 'कॅटल' यांना अनेकवचनी क्रियापद. मराठीत 'पोलीस आला' म्हणतो म्हणून 'द पोलीस हॅज अरेस्टेड' बरोबर वाटतं, ते चूक आहे.

प्रिपोझिशन सुटी पाठ करू नका

'इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर' हे शिकून शाळा सुटली, पण परीक्षेतले प्रश्न तिथे नसतात. ते आपल्या प्रत्ययांच्या ओढीवर काढलेले असतात. 'च्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ' लिहिलं जातं, हवं 'मॅरीड टू'. 'पेक्षा वरचढ' म्हणून 'सुपिरिअर दॅन', हवं 'सुपिरिअर टू'. त्याच घरातले 'इन्फिरिअर', 'सीनिअर', 'ज्युनिअर', 'प्रायर' आणि 'प्रिफर' हे सगळे 'टू' घेतात. 'विषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट', हवं नुसतं 'डिस्कस'. 'रीच', 'एंटर' (जागेत शिरणे), 'रिझेंबल', 'अटॅक', 'आन्सर' या क्रियापदांच्या मागेही काही लागत नाही. 'कोप अप विथ' सगळीकडे ऐकू येतं, बरोबर 'कोप विथ'. 'कन्सिस्ट ऑफ' बरोबर, पण 'कम्प्राइज ऑफ' चूक.

वहीत प्रत्येक क्रियापद त्याच्या प्रिपोझिशनसकट आणि एका पूर्ण वाक्यात लिहा. 'इन्सिस्ट' एका रकान्यात आणि 'ऑन' दुसऱ्या रकान्यात असा तक्ता करू नका. परीक्षेत आठवण्यासाठी जोडी कानात बसलेली लागते, म्हणून ते वाक्य मोठ्याने तीनदा वाचा. 'अँग्री विथ' माणसावर, 'अँग्री ॲट' गोष्टीवर. 'लुक फॉरवर्ड टू'नंतर क्रियापदाला आयएनजी, कारण इथला 'टू' प्रिपोझिशन आहे. हा प्रश्न जुन्या पेपरांत पुन्हा पुन्हा दिसतो.

वेळेच्या 'ॲट-ऑन-इन'साठी किल्लारीच्या भूकंपाची तारीख पुरते. साल असेल तर 'इन 1993'. तारीख असेल तर 'ऑन 30 सप्टेंबर 1993'. नुसती सकाळ असेल तर 'इन द मॉर्निंग', पण ठरावीक दिवसाची सकाळ असेल तर 'ऑन द मॉर्निंग ऑफ 30 सप्टेंबर'. घड्याळातली वेळ असेल तर 'ॲट'.

जोडवाक्यं: जर-तर, जरी-तरी, जोपर्यंत

मराठीत हे शब्द जोडीने येतात, म्हणून इंग्रजीतही जोडी लावली जाते. 'ऑलदो ही वॉज इल, बट ही केम' यात 'बट' जास्तीचं आहे. 'ॲज ही वॉज लेट, सो ही मिस्ड द बस' यात 'सो' जास्तीचं आहे.

'तो येईल तर मी जाईन' म्हणून 'इफ ही विल कम, आय विल गो' असं होतं. 'इफ'च्या बाजूला साधा वर्तमानकाळ: 'इफ ही कम्स, आय विल गो'. 'इफ' भागात 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप असेल, आणि गोष्ट मागेच घडून गेलेली असेल, तर दुसऱ्या भागात 'वुड हॅव' आणि पुन्हा तिसरं रूप.

'जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत' या वाक्यातला 'नाही' इंग्रजीत जाऊ देऊ नका. 'अंटिल ही कम्स', 'अनलेस यू वर्क हार्ड'. 'अनलेस'च्या आत नकार आधीच आहे. त्याच्या जवळपास 'नॉट' दिसलं तर चूक बहुधा तिथेच असते.

काही जोड्या मात्र इंग्रजीच्या स्वतःच्या आहेत आणि त्या पाठच कराव्या लागतात: 'नो सूनर – दॅन', 'हार्डली – व्हेन', 'स्केअर्सली – व्हेन', 'लेस्ट – शुड'. 'नो सूनर', 'हार्डली', 'स्केअर्सली' वाक्याच्या सुरुवातीला आले की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'नो सूनर डिड द बस स्टॉप दॅन'.

प्रश्नाच्या आतला प्रश्न

'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' चूक, 'व्हेअर आय वॉज गोइंग' बरोबर. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याची मांडणी साध्या वाक्यासारखी होते. तसंच, मराठीत 'तो म्हणाला की मी आजारी आहे' असं बोललेलं जसंच्या तसं ठेवता येतं. इंग्रजीत सांगणारं क्रियापद भूतकाळी असेल तर आतलंही मागे जातं आणि 'मी'चा 'तो' होतो: 'ही सेड दॅट ही वॉज इल'. त्रिकालाबाधित सत्य असेल तर आतला काळ बदलायची गरज नाही.

क्वेश्चन टॅगमध्ये आपल्याकडे 'ना?' एकटाच सगळीकडे चालतो, म्हणून ही सवय वेगळी लावावी लागते. वाक्य होकारार्थी तर टॅग नकारार्थी, आणि उलटं. 'हार्डली', 'सेल्डम', 'फ्यू', 'लिटल' हे दिसत नसले तरी नकारार्थी, त्यांचा टॅग होकारार्थी. 'ए फ्यू' आणि 'ए लिटल' होकारार्थी. 'लेट्स'ला 'शॅल वी', 'आय ॲम'ला 'आरन्ट आय'. एवढं पुरे.

व्हॉइस आणि डिग्री

हा भाग यांत्रिक आहे, दोन दिवसांत होतो. डिग्री, म्हणजे विशेषणाचं तुलनेचं रूप, बदलताना एकच ठिकाण सांभाळा. 'जायकवाडी इज वन ऑफ द लार्जेस्ट डॅम्स इन महाराष्ट्र', 'जायकवाडी इज लार्जर दॅन मोस्ट अदर डॅम्स इन महाराष्ट्र', 'व्हेरी फ्यू डॅम्स इन महाराष्ट्र आर ॲज लार्ज ॲज जायकवाडी' ही एकाच अर्थाची तीन रूपं. मधल्या रूपातला 'अदर' गाळलेला पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.

शब्द लक्षात राहत नाहीत

शब्दाची यादी आणि समोर एक मराठी अर्थ, अशी वही बहुतेकांकडे असते. ती वाचताना सगळं येतं असं वाटतं, कारण अर्थ समोरच दिसत असतो. पेपरात तो झाकलेला असतो. वहीची उजवी बाजू दुमडा, अर्थ आठवून बोला, मगच उघडा. न आलेल्या शब्दावर टिंब द्या. रोज नवीन दहा शब्द पुरेत, पण ते दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी झाकून पुन्हा विचारले गेले पाहिजेत. तीन टिंबं पडलेल्या शब्दाचं स्वतःचं वाक्य लिहा, आपल्या गावातलं, आपल्या घरातलं.

अनेक शब्दांसाठी एक शब्द, म्हणजे वन वर्ड सब्स्टिट्यूशन, यादीने पाठ करू नका, मुळाने करा. कृषी सेवा केंद्राच्या फळीवरच्या बाटल्यांवर 'इन्सेक्टिसाइड', 'हर्बिसाइड', 'फंगिसाइड' छापलेलं असतं. सोयाबीन-कापसावर फवारणी केलेल्या घरातल्या मुलाला पहिलं किडीसाठी, दुसरं तणासाठी, तिसरं बुरशीसाठी हे सांगावं लागत नाही. शेवटचं 'साइड' म्हणजे मारणं. तेच 'रेजिसाइड'मध्ये राजाची हत्या, 'फ्रॅट्रिसाइड'मध्ये भावाची, 'मॅट्रिसाइड'मध्ये आईची, 'पॅट्रिसाइड'मध्ये वडिलांची. एका मुळातून सात शब्द पक्के झाले. 'फिल' म्हणजे आवड, 'मिस' किंवा 'मिसो' म्हणजे तिरस्कार, 'क्रसी' म्हणजे सत्ता, 'लॉजी' म्हणजे शास्त्र. अशी वीस मुळं दोन आठवड्यांत होतात.

रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजी शब्दांवर मात्र विसंबू नका. आपण जेवायच्या ठिकाणाला 'हॉटेल' म्हणतो, शंका विचारायला 'डाऊट' म्हणतो, पदवी झाली की 'पास आऊट झालो' म्हणतो. प्रमाण इंग्रजीत 'हॉटेल' मुक्कामाचं, 'डाऊट' म्हणजे खात्री नसणं, आणि 'पास आऊट'चा सर्वसाधारण अर्थ बेशुद्ध पडणं.

सारखे दिसणारे शब्द जोडीनेच लिहा: 'अफेक्ट' क्रियापद, 'इफेक्ट' बहुतेक वेळा नाम. 'एमिनंट' नामवंत, 'इमिनंट' येऊ घातलेलं. 'इलिसिट' बाहेर काढणं, 'इल्लिसिट' बेकायदा. 'स्टेशनरी' दोन आहेत: शेवटी ई-आर-वाय असेल तर वह्या-पेन, ए-आर-वाय असेल तर स्थिर. स्पेलिंगच्या प्रश्नात चूक बहुतेक वेळा दुहेरी अक्षरात असते. 'ॲकोमोडेट'मध्ये दोन सी, दोन एम. 'ऑकरन्स'मध्ये दोन सी, दोन आर. 'कमिटी'मध्ये दोन एम, दोन टी, दोन ई.

पेपर सोडवताना

स्पॉटिंग एररचं वाक्य डावीकडून उजवीकडे चार वेळा वाचत बसू नका. तपासणीचा क्रम ठरवून घ्या: क्रियापद आणि त्याचा कर्ता, मग वेळ दाखवणारा शब्द, मग जोडशब्द, मग प्रिपोझिशन, शेवटी आर्टिकल. पाचही ठीक निघालं तर 'नो एरर' द्या आणि पुढे जा. चूक सापडली नाही तर ती असलीच पाहिजे असं धरून बरोबर शब्दावर संशय घेणं, यात बरेच गुण जातात.

उताऱ्यात आधी प्रश्न वाचा, मग उतारा. उत्तर तुम्हाला काय माहीत आहे त्यावरून द्यायचं नसतं, उताऱ्यात काय लिहिलंय त्यावरून द्यायचं असतं. 'ऑल', 'नेव्हर', 'ओन्ली' असे टोकाचे शब्द असलेला पर्याय उताऱ्याशी अक्षरशः पडताळून मगच निवडा.

0.50 वजा होत असताना अंदाज करायचा की नाही, हे भावनेवर सोडू नका. दोन पर्याय नक्की चुकीचे ठरवता आले तर उरलेल्या दोहोंतून एक निवडणं फायद्याचं आहे, कारण बरोबर आलं तर 2 मिळतात, चुकलं तर 0.50 जातात. एकही पर्याय कापता येत नसेल तर फायदा नावापुरता उरतो, तो प्रश्न सोडून वेळ वाचवा. 2023 च्या तलाठी भरतीसारखी वजावट नसलेली परीक्षा असेल तर एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

तीच चूक परत येत असेल तर

दोन आठवड्यांनी नवीन पेपर सोडवा आणि पुन्हा न-दि-दो-घा मोजा. 'दि' कमी झाले असतील तर पद्धत बरोबर चालली आहे. कमी झाले नसतील तर कोणत्या जागी टिकून आहेत ते पाहा आणि त्या एकाच जागेचे जुन्या पेपरांतले तीस प्रश्न सलग सोडवा. मिसळलेले पेपर तोवर थांबवा. एकाच प्रकारची चूक लागोपाठ तीस वेळा दिसली की नजर तिथे आपोआप थांबायला लागते.

'दो' कमी होत नसतील तर वाचन कमी पडतंय. बालभारतीची नववी ते बारावीची इंग्रजीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातला एक उतारा रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचा आणि त्यातली तीन वाक्यं न बघता लिहून काढून मूळ वाक्याशी ताडून पाहा. गाळलेलं आर्टिकल आणि बदललेली प्रिपोझिशन तिथेच सापडते.

आणखी एक कारण अभ्यासिकेत नेहमी दुर्लक्षित राहतं. हातोहात फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये आणि घाईने छापलेल्या प्रश्नसंचांत उत्तरं चुकलेली असतात. तुमचं उत्तर आणि तिथलं उत्तर जुळलं नाही तर लगेच स्वतःला चूक ठरवू नका. शब्द ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या मोफत ऑनलाइन शब्दकोशात बघा. दोघांतही क्रियापदाबरोबरची प्रिपोझिशन आणि उदाहरणाची वाक्यं दिलेली असतात. आयोगाच्या जुन्या पेपराचा प्रश्न असेल तर अंतिम उत्तरतालिका काढून पाहा. पहिली तालिका हरकती येण्याआधीची असते, आणि बाजारातले बरेच संच तिच्यावरूनच छापलेले असतात. ताडून पाहिलेलं उत्तर शब्दकोशातल्या वाक्यासकट वहीत लिहा, आणि शेजारी बसणाऱ्याच्या झेरॉक्सवरही दुरुस्त करून द्या.